खाऱ्या पाण्याचा माग: स्टर्नड्राइव्ह डिझेल इंजिनातली गळती ओळखण्याविषयी

ऑइल संपच्या तळाशी एक थेंब लोंबतो, क्षणभर थरथरतो आणि बोटीच्या तळातल्या बिल्जमध्ये पडतो. बोटीचा मालक गुडघ्यांवर बसून वर पाहतो. थेंबाच्या बरोबर डोक्यावर एक होज पाइप आहे आणि त्याला क्लॅम्प आहे. तो क्लॅम्प दोन फेरे आवळतो, हात पुसतो, झाकण लावतो. पुढच्या शनिवारी थेंब त्याच जागी हजर. आता होज बदलला जातो. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तोच थेंब. उलगडा व्हायला महिना जातो. पाणी येत होते दीड फूट पुढून, सीवॉटर पंपाच्या पोटाखाली असलेल्या काडेपेटीच्या काडीएवढ्या भोकातून. तिथून ते इंजिनाच्या ओतीव लोखंडावर पसरत, संपच्या कडेकडेने मागे सरकत, सगळ्यांत खालच्या टोकाशी येऊन थांबत होते. थेंब जिथे पडत होता तिथे गळती नव्हतीच.

समुद्रातल्या इंजिनांवर हयात घालवलेल्या कुठल्याही मिस्त्रीला ही हकिगत ओळखीची वाटेल. बोटी वेगळ्या, इंजिने वेगळी, चूक मात्र तीच: पाणी दिसले तिथेच ते फुटले असे धरायचे आणि लगेच पाना उचलायचा. पुढच्या प्रकरणांतला सारा भर ही घाई आवरण्यावर आहे. गळती बंद करण्याचे काम बहुधा तासाभरात उरकते. ती शोधणे हेच खरे काम, आणि त्याला एक क्रम आहे. कोणते पाणी, केव्हा येते, कुठून येते, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले, तर फार थोड्या गळत्या लपून राहतात.

स्टर्नड्राइव्ह हे यंत्र मुळात असे का बनले, हे आधी पाहायला हवे. १९५० च्या दशकापर्यंत छोट्या मोटरबोटींपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे इंजिन बोटीच्या मध्यावर बसवायचे आणि लांब शाफ्ट तळातून तिरका बाहेर काढायचा. दुसरी म्हणजे अख्खे इंजिनच मागे बाहेर टांगायचे, ज्याला आपण आउटबोर्ड म्हणतो. जिम विन या अमेरिकी अभियंत्याने या दोहोंचा मेळ घातला. इंजिन आत, बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला म्हणजे ट्रान्समला लागून. आणि पंखा फिरवणारा पाय बाहेर, आउटबोर्डसारखा डावी-उजवीकडे वळणारा आणि वर उचलता येणारा. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटाने, हॅराल्ड विक्लुंड तिचे प्रमुख असताना, ही कल्पना उचलली आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात ‘अक्वामॅटिक’ नावाने ती लोकांसमोर मांडली. ही कंपनी १८६८ मध्ये स्कोव्दे गावात ओतशाळा म्हणून सुरू झालेली; १९०७ मध्ये तिने पेंटा नावाचे पहिले इंजिन केले आणि १९३५ मध्ये ती व्होल्व्होच्या छत्राखाली आली. १९६१ मध्ये अमेरिकेतून मर्क्रूझरचा ड्राइव्ह बाजारात आला. १९८२ मध्ये एकाच पायावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे असलेला ‘ड्युओप्रॉप’ आला. सुरुवातीची स्टर्नड्राइव्ह इंजिने पेट्रोलची होती. नंतर त्यांच्या जोडीला डिझेल आले, त्यावर टर्बो चढला, मग आफ्टरकूलर आला. स्वीडन-नॉर्वेच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी निघणाऱ्या कौटुंबिक बोटींत सहा सिलिंडरचे ३.६ लिटरचे डिझेल आणि मागे ड्युओप्रॉप ही जोडी कित्येक वर्षे घरचीच होऊन गेली.

या रचनेने बरेच काही दिले. इंजिन पार मागे गेल्याने बोटीचा मधला भाग माणसांसाठी मोकळा झाला. पाय वर उचलून उथळ पाण्यात शिरता येऊ लागले. वेगात पंख्याचा कोन बदलता येऊ लागला. मात्र त्यासाठी ट्रान्समला पाण्याच्या पातळीखाली एक मोठे भोक पाडावे लागले. त्या भोकाच्या परिसरातून फिरता शाफ्ट जातो, गिअरची केबल जाते, थंड करणारे पाणी आत येते आणि एक्झॉस्ट बाहेर जातो. हे सारे वळणाऱ्या, उचलल्या जाणाऱ्या पायाबरोबर हलत असते. म्हणून समुद्र आणि बोट यांच्यामध्ये उरतात ते रबराचे काही तुकडे.

रत्नागिरी, हर्णै किंवा मालवणच्या ट्रॉलरवर वाढलेल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. तिथे शाफ्ट तळातून बाहेर पडतो त्या ग्लँडमध्ये दोरीसारखे पॅकिंग ठासलेले असते. शाफ्ट फिरत असताना तिथून थोडे थेंब पडू द्यायचे असतात, कारण त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहते. फार आवळले तर पॅकिंग जळते आणि शाफ्टला चर पडते. त्यामुळे किती थेंब ठीक आणि किती जास्त, याचा तांडेलाला अंदाज असतो. स्टर्नड्राइव्हमध्ये असा अंदाज लावायला जागाच नाही. तिथे खाऱ्या पाण्याचा एकही थेंब नियमात बसत नाही.

आता पाण्याची वाट पाहू, कारण माग काढायचा तर वाट पाठ हवी. बहुतेक स्टर्नड्राइव्ह डिझेल इंजिनांत पाण्याची दोन चक्रे असतात. आतले चक्र कूलंटचे. ते इंजिनाच्या सिलिंडरांभोवती फिरते आणि बंदिस्त राहते. बाहेरचे चक्र समुद्राच्या पाण्याचे. बाहेरच्या पायातल्या जाळीतून पाणी आत शिरते, ट्रान्सममधून होजने गाळणीपर्यंत येते, तिथून पंपात. पंपातला रबरी पाकळ्यांचा इम्पेलर त्याला पुढे ढकलतो. मग ते वाटेतल्या कूलरांतून फिरते: ऑइल कूलर, टर्बोने तापवलेली हवा गार करणारा आफ्टरकूलर, आणि कूलंटची उष्णता घेणारा हीट एक्स्चेंजर. कोणता आधी, कोणता नंतर, हे मॉडेलप्रमाणे बदलते. शेवटी ते एक्झॉस्ट एल्बोमध्ये धुरात मिसळते आणि धुराला गार करत त्याच्याबरोबर बाहेर पडते. समुद्राचे पाणी थेट सिलिंडरांभोवती फिरवत नाहीत, याला कारण आहे. पाणी फार तापले की त्यातले क्षार आत पुटासारखे बसू लागतात, म्हणून थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारी इंजिने मुद्दाम कमी तापमानाला चालवावी लागतात, आणि डिझेलला ते मानवत नाही.

ही वाट कागदावर एका रेघेत काढून तिचे दोन भाग करावेत. जाळीपासून पंपापर्यंत पाणी ओढले जाते. पंपापासून एल्बोपर्यंत ते ढकलले जाते. शोधाची पहिली विभागणी इथेच होते.

पण सर्वांत आधी प्रश्न पाण्याच्या जातीचा. बिल्जमधले पाणी समुद्राचेच असेल असे नाही. पावसाचे असू शकते, पिण्याच्या टाकीचे असू शकते, इंजिनाचे कूलंट असू शकते. हे ओळखायला बोट बुडवून चाखायची जुनी सवय अनेकांना असते. ती सोडून द्यावी. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी. साधा मार्ग हा: बोटीच्या कडेवरून त्या जागेचे पाणी एका बाटलीत घ्यावे, बिल्जचे दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासावे. क्लोराइड मोजायच्या पट्ट्या मिळतात. सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकले तर खाऱ्या पाण्यात दुधासारखा पांढरा साका लगेच धरतो. मात्र नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असते आणि त्याने किंचित गढूळपणा येतो. म्हणूनच शेजारी ओळखीची बाटली हवी.

ही तुलना त्याच जागेच्या पाण्याशी करायची, कारण समुद्र सगळीकडे सारखा खारा नसतो. खुल्या महासागरात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, अरबी समुद्रात त्याहून थोडे अधिकच. स्टॉकहोमच्या बेटांमध्ये बाल्टिकचे पाणी किलोमागे सहा-सात ग्रॅमवर येते. गोव्यात मांडवीच्या मुखाशी मे महिन्यात खारे असलेले पाणी जुलैत जवळपास गोडे होते. मे महिन्यातला निष्कर्ष जुलैत तसाच लावला तर समुद्राच्या पाण्याला पावसाचे म्हणून सोडून दिले जाईल.

मिठाच्या बाबतीत एक फसगत हमखास होते आणि ती मराठी स्वयंपाकघराला चांगली ठाऊक आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. बोटीतही तेच होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. मागच्या हंगामातली, केव्हाच बंद झालेली गळती आपल्यामागे मिठाचा पांढरा ओघळ ठेवून जाते. दमट सकाळी तो ओघळ ओला दिसतो, आणि माणूस बऱ्या झालेल्या जखमेवर पट्टी बांधत बसतो. उपाय एकच. आधी आहे त्या स्थितीचे फोटो काढावेत, सगळ्या कोनांतून, कारण तो पुरावा आहे. मग इंजिन आणि बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडे करावे. यानंतर जे ओले दिसेल तेच आजचे.

ओघळाचा रंगही बोलतो. नुसता पांढरा म्हणजे सुकलेले समुद्राचे पाणी. पांढऱ्यात हिरवट-निळसर झाक असेल तर ते तांब्याच्या किंवा पितळेच्या भागावरून आले आहे. पितळेच्या भांड्यात आंबट ताक ठेवले की जो कळंक धरतो, त्याचाच हा भाऊ. पितळ गुलाबीसर दिसू लागले असेल तर प्रकरण गंभीर आहे. पितळातले जस्त निघून गेले आहे आणि मागे तांब्याची ठिसूळ जाळी उरली आहे, जी पान्याच्या पहिल्या झटक्यात तुटेल. काळ्या काजळीसह पांढरे मीठ दिसले तर एक्झॉस्टच्या बाजूला पाहावे. तांबडा ओघळ लोखंडाचा. कूलंट आपल्या रंगाचा चिकट थर सोडते.

दुसरा प्रश्न: पाणी केव्हा येते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धे इंजिन शोधातून बाद होते. कोरड्या बिल्जमध्ये पांढरे कागद अंथरावेत, त्यांवर जागांची नावे लिहावीत आणि पाळीपाळीने चार चाचण्या घ्याव्यात. बोट रात्रभर बांधून ठेवावी, इंजिन बंद. मग धक्क्यावरच इंजिन संथ चालवावे. मग बाहेर नेऊन भाराखाली, वेगात. शेवटी परत आल्यावर, इंजिन बंद करून अर्धा तास.

इंजिन बंद असतानाही कागद भिजला तर पंपाचा दाब दोषी नाही. पाणी स्वतःच्या उंचीने आत येते आहे, म्हणजे दोष पाण्याच्या पातळीखालच्या कशात तरी आहे: ट्रान्सम, बेलोज (ट्रान्समपाशी शाफ्टभोवती असलेला घडीदार रबरी नळा), आत येणारा होज, गाळणी. फक्त इंजिन चालू असताना भिजला तर दोष पंपाच्या पुढच्या, दाबाच्या भागात. धक्क्यावर कोरडा आणि वेगात ओला, तर दाब वाढल्यावरच उघडणारी फट शोधावी. एखादा होज, एंड कव्हरची ओ-रिंग, केसाएवढी चीर. बोट वळवताना किंवा पाय वर उचलताना पाणी आले तर संशय थेट बेलोजवर घ्यावा. ओढण्याच्या भागातल्या फटी वेगळ्याच वागतात. इंजिन चालू असताना त्यांतून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुड्यांची माळ दिसते, इंजिन तापू लागते, आणि इंजिन थांबल्यावर तीच फट हळूहळू ठिबकू लागते. तापण्याची तक्रार आणि ठिबकण्याची तक्रार या दोन वेगळ्या वाटतात, पण मूळ एका ओ-रिंगेत असते.

बोट जमिनीवर उचलून, पायाच्या जाळीला नळाचे पाणी जोडून इंजिन चालवता येते. दाबाच्या भागातली गळती अशा चाचणीत दिसेल. बेलोजची गळती दिसणार नाही, कारण बाहेरून रेटणारा समुद्रच तिथे नसतो. अंगणात कोरडी ठरलेली बोट पाण्यात उतरल्यावर गळू लागली, तर चाचणी खोटी नव्हती. ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होती.

तिसरा प्रश्न: कुठून? इथे नियम एवढाच की ओलाव्याच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकापर्यंत जायचे. पाणी होजच्या पोटाखालून सरकते, वायरच्या वेणीवरून उतरते, पट्ट्याने उडवले जाऊन इंजिनाच्या समोरच्या भागात गोलाकार शिंतोडे मारते. कोरड्या केलेल्या भागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर फुंकरावी. पाण्याची वाट तिच्यावर काळसर रेघ काढत जाते. जिथे डोके शिरत नाही तिथे लांब दांडीचा छोटा आरसा आणि टॉर्च. हात घालायचा तो इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून.

यातली पहिली थांबायची जागा बहुतेक वेळा सीवॉटर पंप. त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक समुद्राचे पाणी अडवते, दुसरे इंजिनाचे तेल. दोहोंच्या मधली जागा रिकामी ठेवलेली असते आणि तिथून खाली एक बारीक भोक काढलेले असते. हे भोक म्हणजे रचनाकाराने मुद्दाम ठेवलेला निरोप आहे. तिथून पाणी आले तर पाण्याचे सील गेले. तेल आले तर तेलाचे. निरोप नको म्हणून काही जण ते भोक रंगाने किंवा सीलंटने बुजवतात, किंवा ते मिठानेच बुजते. मग पाण्याला उरतो एकच रस्ता, दुसऱ्या सीलमधून थेट इंजिनाच्या तेलात. सील बदलूनही महिनाभरात पुन्हा गळती सुरू झाली तर शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. जुन्या सीलने पाडलेल्या चरीत नख अडकले, तर नवे सील कितीही चांगले असो, ते टिकणार नाही. शाफ्टच बदलावा लागेल. याच पंपाच्या इम्पेलरची एखादी पाकळी तुटलेली आढळली तर ती कुठे गेली याचा शोध पुरा होईपर्यंत थांबू नये. ती बहुधा पुढच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेली असते.

दिसणाऱ्या गळतीने बिल्ज भिजते. न दिसणारी गळती इंजिन मारते. कूलरांच्या आत एका पातळ भिंतीच्या अलीकडे समुद्र असतो आणि पलीकडे तेल, हवा किंवा कूलंट. ही भिंत फुटल्यावर कोण कुणाकडे जाईल, हे त्या क्षणी कुणाचा दाब जास्त आहे यावर ठरते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ऑइल कूलर फुटला की आधी तेल बाहेर जाते आणि बोटीमागच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग उमटतो. इंजिन थांबते, तेलाचा दाब उतरतो, आणि मग पाणी उलटे आत शिरू शकते. दुसऱ्या दिवशी डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या रंगाचे तेल मिळते. हीट एक्स्चेंजरचेही तसेच. चालताना तापलेले कूलंट दाबाखाली असते, ते समुद्राच्या बाजूला निसटते आणि एक्झॉस्टबरोबर निघून जाते. बिल्ज कोरडीठाक, पण कूलंटची पातळी दर फेरीला उतरते.

आफ्टरकूलरची तऱ्हा तर याहून घातक. वेगात असताना टर्बोची हवा पाण्यापेक्षा जोरात दाबलेली असते, त्यामुळे भिंतीला भोक पडलेले असले तरी हवाच पाण्यात जाते आणि काही कळत नाही. संथ चालताना आणि इंजिन बंद केल्यावर हवेचा दाब जवळपास नाहीसा होतो. कूलरमध्ये उरलेले खारे पाणी तेव्हा थेंबाथेंबाने हवेच्या वाटेत आणि तिथून सिलिंडरकडे उतरते. म्हणजे सुसाट धावणारी बोट सुखरूप राहते आणि धक्क्याला शांत बांधलेल्या बोटीचे इंजिन आतून गंजत जाते. आफ्टरकूलरच्या कडेला, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि तांबे-निकेलच्या नळ्या जिथे भेटतात, तिथे पांढरी पूड फुललेली दिसली तर तो काढून दाबाची चाचणी घ्यावीच. दोन्ही तोंडे बंद करायची, हातपंपाने उत्पादकाने सांगितलेला दाब भरायचा, आणि पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहायचे. सायकलची ट्यूब पंक्चरवाला तपासतो, तसेच. कूलंटच्या चक्राचीही अशीच चाचणी जागेवर घेता येते; दाब त्याच्या टोपीवर लिहिलेल्या आकड्यापुढे नेऊ नये.

एक्झॉस्ट एल्बोमध्ये खारे पाणी आणि तापलेला धूर पहिल्यांदा भेटतात. डिझेलमधल्या गंधकाचा धूर पाण्याशी मिळून आम्ल बनवतो, त्यात मीठ आणि उष्णता. धातूला याहून वाईट संगत मिळणार नाही. एल्बो बाहेरून फुटला तर काजळी आणि मीठ दोन्ही दिसतात, आणि ते बरेच म्हणायचे. आतल्या भिंतीला भोक पडले तर बाहेरून रंग शाबूत असतो आणि पाणी उलटे टर्बोकडे आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. टर्बोच्या तोंडाशी ताजा तांबडा गंज, सकाळी इंजिन सुरू होताना कुरकुर, पहिल्या मिनिटात दाट पांढरा धूर, ही त्याची आधीची लक्षणे. एल्बो खोलून आत बोट फिरवणे हाच त्यावरचा खरा तपास.

सिलिंडरमध्ये पाणी साठले असेल आणि स्टार्टर मारला, तर काय होते हे प्रत्येक बोटवाल्याने एकदा नीट समजून घ्यावे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन एखाद्या सकाळी अर्धा फेरा घेऊन ‘ठक्’ आवाजाने अडले, तर बॅटरी कमजोर आहे असे समजून दुसरी बॅटरी जोडू नये. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, तोंडावर जाड कापड धरून, हाताने फिरवावे. पाणी बाहेर आले तर ते बाहेर काढणे, लगेच तेलाची फवारणी आणि तेल बदलणे याला तासांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नाही. सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर खाऱ्या पाण्याचा गंज एका रात्रीतही धरतो.

आणि शेवटी बेलोज. पेटीच्या भात्यासारखा घडीदार रबरी नळा. फिरता शाफ्ट त्याच्या आतून जातो आणि समुद्र त्याच्या बाहेर असतो. पाय वर उचलून ठेवलेल्या बोटीत त्याच्या घड्या महिनोन्‌महिने एकाच बाजूला दाबलेल्या राहतात आणि चीर पडते ती घडीच्या खोबणीत, वरून न दिसणारी. बोट बाहेर काढल्यावर प्रत्येक घडी अंगठ्याने उघडून टॉर्चने पाहावी. पाणी आत शिरले की आधी शाफ्टचा बेअरिंग गंजतो आणि बोट वळवताना मागून घरघर ऐकू येते. ही घरघर म्हणजे मिळालेली मुदत आहे. त्यापुढचे सील थकलेले असेल, तर पाणी बोटीत येते. अनेक ड्राइव्हांसाठी हा नळा चांगला दिसत असला तरी दर दोन वर्षांनी बदलावा असे सांगितलेले असते, ते उगाच नाही.

हे सारे एवढ्या तपशिलाने का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून जास्त पाणी, आणि त्यातून दीडशे ग्रॅम मीठ इंजिनाच्या खोलीत. आता २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा एक होज पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर निसटला असे समजू. तिथून मिनिटाला सुमारे ५५ लिटर, तासाला तीन टनांहून अधिक पाणी आत येते. बॅटरी उतरली की बिल्ज पंप थांबतो, समुद्र थांबत नाही. अमेरिकेतल्या बोटयूएस या बोटमालकांच्या संस्थेने आपल्या विमा-दाव्यांवरून वर्षानुवर्षे सांगितले आहे की चालताना एक बोट बुडते तेव्हा धक्क्याला बांधलेल्या चार बुडतात. तिथे पाहायला कुणी नसते.

पुढच्या प्रकरणांत या वाटेवरचा एकेक भाग स्वतंत्रपणे येईल: तो कसा खोलायचा, काय मोजायचे, काय बदलायचे, काय राहू द्यायचे. वाचकाने ती क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. पण गळती समोर असताना मधलेच पान उघडण्याआधी एक काम करावे. एक वही घ्यावी, तारीख घालावी, आणि इंजिन किती तास चाललेले आहे, कूलंटची पातळी कुठे आहे, डिपस्टिकवरचे तेल कसे दिसते, बिल्जमध्ये कोणते पाणी किती होते, एवढे लिहावे. फोटो काढावेत. बिल्ज पुसून कोरडी करावी, पांढरा कागद अंथरावा आणि रात्रभर थांबावे. पाना सकाळी हातात घ्यावा, कागद पाहून झाल्यावर.